बेटाचं शेपूट

पाथरखेडच्या सहकारी संस्थेनं मांजरा नदीतलं बेट पुन्हा हिरवं करायचा ठराव एकमतानं मंजूर केला, तेव्हा केशरबाईच्या शेळ्या त्याच बेटावर बसून रवंथ करत होत्या. ठरावात कलमं दोन. पहिलं, झाडं लावायची. दुसरं, शेळ्या हाकलायच्या. पहिलं कलम तीन वर्षं झाली तरी वाटेतच होतं. दुसरं त्याच दुपारी बेटावर पोचलं.

बेट चाळीस एकरांचं. कळंबपासून दोन कोस वर नदी दोन धारांत फुटते, बेटाला वळसा घालते आणि खाली पुन्हा एक होते. गावाकडचं वरचं टोक म्हणजे बेटाचं डोकं, खालचं निमुळतं टोक म्हणजे शेपूट. डोक्याकडं जायला गावातून उतार सोपा. वहाणा हातात घेतल्या की माणूस पलीकडं. डोक्याकडून शेपटाकडं जायचं तर मात्र लव्हाळ्यातून, तापल्या वाळूतून अर्धा तास चालावं लागे. शेपटाला खालच्या अंगानंही एक सोपा उतार होता. पण त्याची वाट बौद्धवाड्यातून जायची, आणि संचालक मंडळाला त्या वाटेनं जायची सवय नव्हती. त्यामुळं मंडळानं बेट पाहिलं ते डोक्यापासून चारशे पावलांपर्यंत, म्हणजे मंडपाची सावली पडे तिथवर. बाकीचं त्यांनी कागदावर पाहिलं.

बेटाचा इतिहास संस्थेनं पत्र्याच्या फलकावर लिहून घेतला होता. कळंबच्या पेंटरनं पिवळ्यावर लाल अक्षरं काढली, ‘हे बेट पूर्वी ओसाड होते.’ एवढाच इतिहास. खाली संचालक मंडळाची अकरा नावं होती, त्यांना जागा जास्त लागली.

फलक उभा राहिला त्या दिवशी केशरबाईनं तो थांबून वाचला. तिला वाचता येतं हे गावात फार जणांना माहीत नव्हतं, कारण तिला कधी कुणी काही वाचायला दिलंच नव्हतं. नवरा बाबू धावारे यानं तिला याच बेटाच्या ओल्या वाळूवर काडीनं अक्षरं शिकवली होती. पाटीचा खर्च नव्हता आणि पुसायला नदी होती.

“पूर्वी म्हंजी कदी वो, पंचाक्षरी?” तिनं विचारलं.

पंचाक्षरी स्वामी हा संस्थेचा सेक्रेटरी. त्याचं अक्षर इतकं वळणदार की त्यात लिहिलेलं काहीही खरं वाटायचं. “पूर्वी म्हणजे आधी, मावशी.”

“बहात्तरच्या आदी का मागून?”

फलकाचा खांब नीट बसलाय की नाही, हे पंचाक्षरीला तेवढ्यात हलवून बघावंसं वाटलं.

प्रश्न अवघड होता खरा. निजामाच्या अमलात केशरबाईच्या सासरचं घराणं पावसाळाभर या बेटावर राहायचं. काम एकच, पाणी चढायला लागलं की गावाला हाक द्यायची. धावाऱ्यांची हाक दोन्ही काठांना ऐकू जायची, शिवारातला माणूस हातातलं टाकून जनावरं वर काढायचा. त्या बदल्यात उन्हाळ्यात बेटावर शेळ्या बसवायच्या. याचा कागद कुणी केला नाही; पूर यायला लागल्यावर कागद काढून कोण बसणार. छप्पन सालानंतर घराणं बौद्ध झालं. गावाची मेलेली ढोरं ओढायचं बंद केलं, बाकीचीही बरीच कामं बंद केली. हाक तेवढी ठेवली. बाबू म्हणायचा, “ती चाकरी न्हाय. बुडणाऱ्याला सांगायला पगार लागत न्हाय.”

तेव्हा बेटावर बाभूळ होती, करंज होते, जांभळींची एक जुनी राई होती. बहात्तरच्या दुष्काळात हे सगळं गेलं. कुणी तोडलं, तर सगळ्यांनीच तोडलं, चुलीपुरतं. आता चुलीपुरतं तोडणारा डोक्यावर मोळी घेऊन जातो. बब्रुवान आण्णांच्या तीन बैलगाड्या दोन महिने बेटावर ये-जा करत होत्या, तेव्हा त्यांची चूल बरीच मोठी असली पाहिजे. इतकी मोठी की तिचं एक तोंड कळंबच्या लाकडाच्या वखारीत निघत होतं. पुढच्याच वर्षी पूर आला आणि मुळं नसलेली माती आपल्या पायांनी चालत गेली. गोटे उरले, वाळू उरली. बाबूही त्याच साली तापानं गेला.

आणि ऐंशी उलटल्यावर झाडं लावायला सरकारी योजना निघाली, तेव्हा ‘पाथरखेड बेट वृक्षसंवर्धन सहकारी संस्था मर्यादित’ काढली तीही बब्रुवान आण्णांनीच, अध्यक्षही तेच. गावात त्यांच्याइतका झाडांचा अनुभव असलेलं दुसरं होतं कोण? ज्या गाड्यांतून बाभळी गेल्या त्याच गाड्यांतून सुबाभळीची रोपं आली. बैल तेवढे बदलले होते.

दरवर्षी पाच हजार रोपं यायची. डोक्याकडं मंडप पडायचा, खड्ड्यांभोवती चुना पडायचा, पाहुणे यायचे. पहिल्या नंबरच्या खड्ड्यात तीन वर्षांत तीन पाहुण्यांनी तीन रोपं लावली. खड्डा तोच, चुना नवा. पहिल्या सालची रोपं पुरानं नेली. दुसऱ्या सालची उन्हानं नेली. तिसऱ्या साली पूरही आला नाही आणि ऊनही बेताचं होतं, म्हणून ती उपाध्यक्षांच्या म्हशींनी नेली. पंचाक्षरीच्या वृक्ष नोंदवहीत मात्र ‘जिवंत रोपे ४६१२’ असा आकडा होता. त्यानं तो विचार करून काढलेला. पाच हजार लिहिलं की कुणीतरी मोजायला येतो. ४६१२ मोजल्यासारखा दिसतो.

रोपं राखायला श्रीपती होता. दोन एकर कोरडवाहू असलेला, बाबूच्या बरोबरीनं मांजरेत पोहायला शिकलेला माणूस. राखणीवर रुजू झाला त्या दिवशी त्याला शेपटाकडून शेळीचं ओरडणं ऐकू आलं. तो लव्हाळ्यातून वाट काढत गेला. केशरबाई काटे रचत होती. बाजूला चौदा शेळ्या.

“वैनी,” तो म्हणाला, “शेळ्यांना बंदी हाये.”

“व्हय, ऐकलं म्या.”

“मला त्याच्याचसाठी ठिवलंय.”

“झाडं राखाया ठिवलंय का शेळ्या बघाया?”

श्रीपतीनं विचार केला. “झाडं राखाया.”

“झाडं कुठं हायेत?”

“डोक्याकडं.”

“मग भावजी, तुमी हितं काय करताव?”

श्रीपतीनं आणखी विचार केला आणि शेपूट आपल्या हद्दीत येत नाही असं त्याला आढळलं. त्यानंतर त्याचा दुपारचा चहा शेळीच्या दुधाचा होऊ लागला.

केशरबाई शेपटावर करत होती ते तिच्या सासूनं, भिमाबाईनं, शिकवलेलं. चैत्र-वैशाखात कळंबच्या रस्त्याकडच्या बाभळीखालून वाळल्या शेंगा पोत्यानं आणायच्या आणि शेळ्यांना घालायच्या. मग काट्यांचं गोल वाडगं करून त्यात शेळ्या बसवायच्या. शेळी शेंग खाते, बी तिला चाववत नाही. काही रवंथ करताना थुंकते, काही लेंडीतून टाकते. बाभळीचं बी एरवी गारगोटीसारखं, पावसात पडून राहिलं तरी उघडत नाही. शेळीच्या आतून फिरून आलं की मऊ होतं, शिवाय खत सोबत घेऊन पडतं. पंधरा दिवसांनी वाडगं दहा पावलं पुढं. मागच्या जागेला काट्यांचं कुंपण घालून टाकायचं आणि तिथं पुढचे दोन-तीन पावसाळे कुठल्याही शेळीचं तोंड लागू द्यायचं नाही, स्वतःच्या लाडकीचंसुद्धा. ही शेवटची अट अवघड. भिमाबाई म्हणायची, “शेळी न्हाय राखायची, शेळीचं तोंड राखायचं.”

त्र्याहत्तरच्या पुरानंतर केशरबाईनं चार शेळ्यांवर हे सुरू केलं होतं. अकरा वर्षं झाली होती.

१९८४ च्या मे महिन्यात पत्र आलं की धाराशिवहून खात्याचे साहेब गुरुवारी बेट पाहायला येणार. नुसतं पाहायला नाही, मोजायला. आण्णांनी साफसफाई काढली. मंडपाची जागा झाडली, चुना मागवला आणि गडी पाठवून बौद्धवाड्याच्या उतारावरच केशरबाईच्या चौदा शेळ्या धरल्या. ग्रामपंचायतीच्या कोंडवाड्यात त्या गेल्या शनिवारी. पुढच्या शनिवारपर्यंत सोडवल्या नाहीत तर बाजारात लिलाव.

केशरबाई संस्थेच्या कचेरीत गेली. आण्णा खुर्चीवर होते. खुर्ची एकच होती.

“केशरे,” आण्णा म्हणाले, “दंड माफ केला बग तुला. गरिबाचं वाईट करायचं न्हाय आपल्याला. हमीपत्रावर अंगठा दे आन् घिऊन जा शेळ्या.”

पंचाक्षरीनं शाईचा पॅड पुढं सरकवला. केशरबाईनं पॅड मागं सरकवला आणि कागद उचलला. तो उलटा न धरता सुलटा धरलाय हे बघून पंचाक्षरी थोडा सावरून बसला. ती बोट फिरवत हळूहळू वाचू लागली. खोलीत पंखा नव्हता. सगळ्यांना तिचं वाचणं ऐकू येत होतं.

“...सदरहू बेटावर माझी, माझ्या वारसांची अगर माझ्या जनावरांची कसलीही वहिवाट नाही व नव्हती.” ती थांबली. “न्हाय, हे तुमी आज म्हंताव. नव्हती, हे कोन म्हंतंय?”

“अगं, लिहायची पद्धत हाये ती,” आण्णा म्हणाले.

“आण्णा, तुमच्या वडलांची म्हस पुरातनं वर काढली ती कुणाच्या हाकंनं?”

“ते जुनं झालं.”

“तेच की. जुनं हुतं. आन् हितं लिवलंय, नव्हतं.”

“सही करत न्हाईस?”

“न्हाय.”

“मग शनिवारी बाजारात ये. बसून बग लिलाव.”

ती उठली. दारातून वळून म्हणाली, “मोरी गाभण हाये. तिला पानी दोनदा दावायला सांगा.” मोरी म्हणजे कळपाच्या पुढं चालणारी शेळी. मोरी हलल्याशिवाय बाकीच्या तेरा हलत नसत.

बाहेर श्रीपती उभा होता. “वैनी, कागदच त्यो. द्या करून सही. मागून जाऊ हळूच, मी हाय की.”

“भावजी, चोरून जायाचं म्हंजी त्यांचं हाये असं मानायचं. तीन वर्सं चोरून गेले तीच चूक झाली.” ती चालू लागली. “शेळ्या गेल्या तर चार फिरून घीन. नव्हती म्हनून सही केली तर सासूचं, बाबूचं, समदं कुठून आनू?”

रविवार ते बुधवार रोज सकाळी तिनं कोंडवाड्यावर पाला आणि शेंगा नेऊन टाकल्या. नंतर रिकाम्या हातानं शेपटावर जायची आणि कुंपणाचे वाऱ्यानं हललेले काटे नीट करायची.

बुधवारी दुपारी लव्हाळ्यातून पंचाक्षरी आला. धोतराला कुसळं, हातात वही, तोंड उतरलेलं. डोक्याकडं त्यानं दोनदा मोजून पाहिलं होतं आणि दोन्ही वेळा सात भरली होती. बाकीची ४६०५ कुठं गेली असतील या विचारात तो चालत राहिला, आणि संचालक मंडळाच्या इतिहासात पहिल्यांदाच संस्थेच्या कचेरीतला माणूस शेपटाला पोचला.

समोर बाभळीचं रान उभं होतं. शेवटाला दीड पुरुष उंच, मग पुरुषभर, मग छातीला, मग गुडघ्याला. खाली माती होती. खरी माती, काळी, पालापाचोळ्याची. बुंध्याशी लव्हाळा आणि हरळी गच्च धरून बसलेली. एका फांदीवर सुगरणीचे खोपे लटकत होते. पंचाक्षरीनं वही छातीशी धरली.

त्या रानाच्या सावलीत केशरबाई बसली होती. हिला काही विचारावं, असं त्याच्या मनात आलं नाही.

“मावशी, जरा सरका,” तो म्हणाला, “मोजायचंय.”

ती सरकली. तो मोजत गेला. तिन्हीसांजेपर्यंत ११३६ झाडं भरली. ती काटे लावत होती, तो खुणा करत होता. एकमेकांच्या कामात दोघांनी लक्ष घातलं नाही. रात्रीच्या बैठकीचा वृत्तांत श्रीपतीनं तिला दुसऱ्या दिवशी सकाळीच सांगितला. पंचाक्षरी म्हणाला, आण्णा, झाडं आहेत. आण्णा म्हणाले, कुणी लावली? पंचाक्षरी म्हणाला, आपण. आण्णा म्हणाले, मला वाटलंच.

गुरुवारी सकाळी डोक्याकडून मिरवणूक निघाली. पुढं आण्णा, मग साहेब, मग मंडळ, शेवटी नारळाचं पोतं घेऊन गडी. अर्ध्या तासाची वाट त्यांनी पाऊण तासात कापली. केशरबाईला आज इकडं फिरकू नको असा निरोप गेला होता, म्हणून ती फिरकली नव्हती. पहाटेपासून रानाच्या सावलीत बसूनच होती.

साहेबांचं नाव गुंडप्पा बिराजदार. उमरग्याच्या पलीकडचे, बोलण्याला कानडी हेल. त्यांनी झाडं बघितली. खाली बसले. वाळलेली लेंडी उचलली, दोन बोटांत चुरली, आतलं बी तळहातावर घेतलं.

“अध्यक्ष,” ते म्हणाले, “शेळ्या कुठं आहेत?”

“शेळ्या?” आण्णा हसले. “साहेब, तीन वर्सांत शेळीचं खूर पडलं न्हाय बेटावर. कडक बंदी. ठराव हाये आमचा. दाखवा रे ठराव.”

पंचाक्षरीनं ठराव दाखवला.

“मग ही झाडं कुणी लावली?”

“संस्थेनं.”

“तुम्हाला सुबाभूळ दिली होती. ही बाभूळ आहे.”

आण्णांनी पंचाक्षरीकडं बघितलं. पंचाक्षरी म्हणाला, “गावरान हवामानात साहेब, थोडा फरक पडतो.”

साहेबांनी मान हलवली, पण हो म्हणून नाही. “खड्डे नाहीत. ओळी नाहीत. गोल गोल आहेत सगळी. हे एक वाडगं, हे त्याच्या पुढच्या पंधरवड्याचं, हे त्याच्या पुढच्या सालचं. माझे आजोबा ओढ्याकाठी असंच करायचे. इथं दहा-अकरा वर्षं कुणीतरी शेळ्या बसवल्यात, आणि बसवून पुन्हा चरू दिलं नाही.” ते उठले, हात झाडले. “ज्यानं केलं त्याची शेळ्यांसकट गाठ घालून द्या. नाहीतर मला लिहावं लागेल की बेटावर संस्थेची झाडं सात.”

सातचा आकडा साहेबांना कुठून कळला, म्हणून आण्णांनी श्रीपतीकडं पाहिलं. श्रीपती नदीकडं बघत होता.

आण्णा राजकारणात मुरलेले. शेळ्या नाहीत म्हणावं तर झाडं नाहीत. शेळ्या आहेत म्हणावं तर बंदी नाही. त्यांनी दोन श्वासांत मार्ग काढला. “साहेब, आता लपवत न्हाय. शेळ्या हायेत. संस्थेच्याच हायेत. प्रयोग चालू हुता आमचा, गुप्त.”

“आणा मग.”

“त्या, साहेब...” पंचाक्षरी म्हणाला, “कोंडवाड्यात आहेत.”

“संस्थेनं संस्थेच्याच शेळ्या कोंडल्या?”

“शिस्त,” आण्णा म्हणाले.

साहेबांनी समोर बोट दाखवलं. “हा खालचा उतार तर जवळ आहे. आपण तिकडून का आलो नाही?”

अकराही जण वहाणांतली वाळू झाडू लागले. मग शेळ्या त्याच उतारानं आणायचं ठरलं, आणि अकरापैकी नऊ संचालक आयुष्यात पहिल्यांदा बौद्धवाड्याच्या वाटेनं पळत गेले.

पाऊण तासानं पलीकडच्या काठावर शेळ्या आल्या. घोट्याएवढं पाणी. मोरीनं पाण्याला नाक लावलं आणि खाली बसली. मागच्या तेरा बसल्या. उपाध्यक्षांनी मोरीचे कान ओढले. एकानं मागून ढकललं. एकानं उचलून घ्यायचा प्रयत्न केला. मोरीनं त्याच्या पोटावर लाथ मारली आणि तो नेहरू शर्टासकट मांजरेत बसला. बौद्धवाड्यातली माणसं दारात येऊन उभी राहिली. कुणी हसलं नाही, तोंडाला पदर मात्र बरेच गेले.

“संस्थेच्या शेळ्या संस्थेला ओळखत नाहीत वाटतं,” साहेब म्हणाले.

आण्णा सावलीकडं वळले. “केशरबाई.”

केशरबाईनं मनात नोंद केली की सहा दिवसांत केशरेची केशरबाई झाली. ती उठली नाही.

“जरा हाक दे शेळ्यांना.”

“शेळ्या कुणाच्या हायेत, आण्णा?”

“अगं, आता साहेबांपुढं काय...”

“संस्थेच्या असतील तर संस्थेनं हाक द्यावी. माज्या असतील तर मी दीन.”

आण्णा जवळ आले, आवाज उतरवला. “केशरकाकू, गावाच्या इज्जतीचा सवाल हाये.”

काकू झाली तेव्हा तिला कळलं की आता मागायला हरकत नाही. “पंचाक्षरी,” ती म्हणाली, “कागद हाये का? त्या दिवशीचा हमीपत्राचा काडा. त्याच्या मागं कोरं हाये, तिकडं लिवा.”

पंचाक्षरी आण्णांकडं बघू लागला. आण्णा पलीकडं बघत होते. तिथं आणखी एक संचालक पाण्यात बसले. “लिही,” ते म्हणाले.

पंचाक्षरी मांडी घालून बसला, वही मांडीवर. केशरबाईनं सांगितलं, त्यानं लिहिलं, मग तिनं कागद हातात घेऊन बोट फिरवत वाचला. “हितं ‘शेळ्या बसवण्यास संस्थेची परवानगी आहे’ असं काय लिवलंत? परवानगी म्या मागितली न्हाय. वहिवाट लिवा.”

त्यानं खोडून लिहिलं. तिनं पुन्हा वाचलं. “वहिवाट केशरबाई बाबू धावारे यांची आहे. फुडं?”

“पुढं काय, मावशी?”

“व होती.”

आण्णांनी तोंड उघडलं. तेवढ्यात साहेब म्हणाले, “बरोबर आहे. झाडांच्या उंचीवरून मलाही तसंच दिसतंय,” आणि खिशातून पेन काढून साक्षीदाराच्या जागी सही केली. दुसरा साक्षीदार श्रीपती. अध्यक्षांची सही आण्णांनी केली. ती घाईत केली, तरी पुरेशी मोठी आली. पंचाक्षरीचा हात सवयीनं शाईच्या पॅडकडं गेला, पण केशरबाईनं पेन मागितलं. नाव लिहायला तिला वेळ लागला. वाळूवर अक्षरं मोठी काढायची सवय. ‘धावारे’ कागदाच्या कडेपर्यंत गेलं.

मग ती उभी राहिली, पदर खोचला, तोंडाला दोन्ही हातांचा आडोसा केला आणि हाक दिली.

ती शेळ्यांना द्यायची नेहमीची हाक नव्हती. अकरा वर्षं कुणी न ऐकलेली, लांबट, चढत जाणारी ती धावाऱ्यांची हाक. गावात दोन म्हातारी माणसं गोठ्याकडं धावली म्हणतात. आण्णांनी अभावितपणे धोतराचा सोगा वर उचलला. पलीकडं मोरी उठली, पाण्यात उतरली, मागं तेरा. उपाध्यक्षांच्या अंगावरून त्या सरळ आल्या आणि केशरबाईच्या पायाशी येऊन उभ्या राहिल्या.

साहेबांनी अहवालात लिहिलं, बाभळी ११३६, सुबाभळी ७. संस्थेचा गौरव झाला. आण्णांनी कळंबला सत्काराच्या भाषणात शेळीला बेटाची माता म्हटलं आणि स्वतःबद्दल नम्रपणे काही म्हटलं नाही, कारण ते पाहुण्यांनी म्हणायचं ठरलं होतं. फलक तसाच राहिला. फक्त ‘पूर्वी’वर एक दिवस गेरूची रेघ दिसली आणि वर ‘१९७२ साली’, आणि ‘होते’च्या जागी ‘झाले’. अक्षर मोठं होतं, वाळूवर काढल्यासारखं. पुसायचं कुणी मनावर घेतलं नाही. कुणी केलं असं विचारलं असतं तर, १९७२ साली काय झालं, हेही विचारावं लागलं असतं.

योजना पाच वर्षांची असल्यामुळं जूनमध्ये सुबाभळीची पाच हजार रोपं पुन्हा आली. परत घ्यायची तरतूद नव्हती. सुबाभळीचा पाला शेळीला आवडतो, हे श्रीपतीनं सुचवलं. पंधरा दिवसांत पिशव्या तेवढ्या उरल्या. पंचाक्षरी वही घेऊन शेपटावर आला.

“किती खाल्ली म्हणू, मावशी?”

“मोजा की.”

“मोजायचं कशाला,” तो म्हणाला, “आकडा तयार आहे,” आणि त्यानं ४६१२ लिहिलं. तो आकडा कधी नव्हे तो खऱ्याच्या इतका जवळ गेला होता.

वाडगं पंधरा दिवसांना दहा पावलं सरकत राहिलं, शेपटातून पोटाकडं, पोटातून डोक्याकडं. दोन उन्हाळ्यांनी केशरबाईनं एक लांब झेप घेतली आणि ते मंडपाच्या जागेवर, नेमकं पहिल्या नंबरच्या खड्ड्यावर मांडलं. पावसानंतर त्या खड्ड्यात चौथं रोप आलं. गुडघाभर होईतो काट्यांच्या आत राहिलं. पंचाक्षरीनं नोंदवहीत पहिलं पान उघडलं. तिथं ‘रोप लावणाऱ्याचे नाव’ असा रकाना होता, आणि त्यात तीन पाहुण्यांची नावं हुद्द्यांसकट एकाखाली एक.

“कुणाचं नाव घालू, मावशी? तुमचं घालतो.”

“म्या कुठं लावलं?” केशरबाई म्हणाली. “खरं ते लिवा. मोरी.”

पंचाक्षरीनं क्षणभर विचार केला, शाई झटकली आणि तिन्ही पाहुण्यांच्या खाली आपल्या वळणदार अक्षरात ‘मोरी’ लिहिलं. हुद्द्याच्या जागी काय लिहावं ते त्याला सुचेना. मग त्यानं तिथं ‘वहिवाटदार’ लिहिलं आणि वही वाळायला उघडी ठेवली.